दुर्भावनेचा पुरावा

'सद्भाव' हा शब्द कायद्याच्या पुस्तकात दिसतो तितका सोपा नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने त्याची व्याख्या नकाराच्या वाटेने केली होती: योग्य ती दक्षता व लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावाने केली असे म्हणता येणार नाही. त्याच संहितेच्या ३१२ व्या कलमाने गर्भपात हा गुन्हा ठरविला आणि स्त्रीचा प्राण वाचविण्यासाठी सद्भावाने केलेला गर्भपात तेवढा त्यातून वगळला. १ जुलै २०२४ रोजी ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा आकडा ८८ झाला. सद्भावाची अट मात्र जागची हलली नाही. रँडल बाल्मर यांचा 'बॅड फेथ' हा २०२१ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ हाती आला, तेव्हा त्याच्या नावावरूनच आम्हांला या कलमाचे स्मरण झाले. दुर्भावनेचा आरोप करणे सोपे, शाबीत करणे कठीण, हे न्यायालयात उभे राहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. बाल्मर यांनी तो आरोप एका व्यक्तीवर नव्हे तर अमेरिकेतील एका सबंध धार्मिक-राजकीय चळवळीवर केला आहे. तेव्हा त्यांचा पुरावा तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

ग्रंथ लहान आहे. दोन बैठकींत वाचून होतो. ग्रंथकर्ते डार्टमथ येथील धर्म या विषयाचे अध्यापक. इव्हँजेलिकल धर्मोपदेशकाच्या घरी ते वाढले, म्हणजे ज्या घराबद्दल ते लिहितात ते घर त्यांनी आतून पाहिलेले आहे. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. १९७३ च्या जानेवारीत 'रो विरुद्ध वेड' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला, त्या निर्णयाने श्रद्धाळू प्रॉटेस्टंट जनता हादरली आणि धर्मरक्षणासाठी राजकारणात उतरली, ही गोष्ट त्या चळवळीचे पुढारी सांगत आले. ग्रंथकर्त्यांच्या मते ही दंतकथा होय. पुढारी प्रथम उतरले ते गर्भासाठी नव्हे, शाळांच्या करमाफीसाठी. आणि त्या शाळा केवळ गोऱ्या मुलांच्या होत्या.

येथे ग्रंथकर्त्यांनी मांडलेला तपशील भक्कम आहे. मिसिसिपीतील होम्स परगण्यात सरकारी शाळांतून वर्णभेद हटविण्याचा हुकूम अमलात आला, तेव्हा त्या शाळांतील गोऱ्या विद्यार्थ्यांची संख्या पहिल्याच वर्षी ७७१ वरून २८ वर आली आणि दुसऱ्या वर्षी शून्य झाली. ही मुले खाजगी शाळांत गेली आणि त्या शाळा धर्मादाय म्हणून करमाफी भोगू लागल्या. कृष्णवर्णीय पालकांनी फिर्याद केली. वर्णभेद पाळणाऱ्या संस्थेस करमाफी मिळणार नाही, असा निर्णय वॉशिंग्टनच्या न्यायालयाने जून १९७१ मध्ये दिला. पुढे जानेवारी १९७६ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील बॉब जोन्स विद्यापीठाची करमाफी करखात्याने काढून घेतली. गोऱ्या व काळ्या विद्यार्थ्यांनी एकमेकांशी प्रणयाचे संबंध ठेवू नयेत असा त्या संस्थेचा नियम होता, आणि तो धर्मवचनावर आधारलेला आहे असे तिचे म्हणणे होते. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८३ मध्ये आठास एक अशा मतांनी संस्था हरली. विरोधात राहिलेले ते एकटे न्यायमूर्ती रेनक्विस्ट. दहा वर्षांपूर्वी 'रो'च्या निर्णयास विरोध करणाऱ्या दोघांपैकी एक तेच होते, याची गंमत आमच्या व्यवसायबंधूंना वाटेल.

याच्या शेजारी ग्रंथकर्ते दुसरा तपशील ठेवतात. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही अमेरिकेतील सर्वांत मोठी प्रॉटेस्टंट संघटना. तिने १९७१ साली सेंट लुई येथे ठराव केला की बलात्कार, निषिद्ध नात्यातील संबंध, गर्भातील गंभीर व्यंग, किंवा मातेच्या शारीरिक अथवा मानसिक स्वास्थ्यास धोका, अशा प्रसंगी गर्भपात करू देणारे कायदे व्हावेत यासाठी सभासदांनी झटावे. १९७४ साली त्याच भूमिकेचा पुनरुच्चार झाला. १९८० साली त्याच संघटनेने नेमकी उलट दिशा धरली. पुढे 'मॉरल मेजॉरिटी' स्थापन करणारे जेरी फॉलवेल यांनी या विषयावर पहिले प्रवचन केले ते फेब्रुवारी १९७८ मध्ये, निर्णयानंतर पाच वर्षांनी. ज्या निर्णयाने धर्म बुडाला म्हणावयाचे, त्यावर पाच वर्षे मौन! आम्ही येथे ग्रंथकर्त्यांची आणखी एका गोष्टीने भर घालतो. 'रो'च्या बाजूने मत देणाऱ्या सात न्यायमूर्तींपैकी पाच रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते, आणि त्यांत न्यायासनावरील एकमेव कॅथलिक, ब्रेनन, हेही होते. विरोधी मत देणारे दुसरे न्यायमूर्ती व्हाइट हे डेमोक्रॅट अध्यक्ष केनेडी यांनी नेमलेले. त्या दिवशी पक्ष आणि पंथ यांची वाटणी आजच्यासारखी झालेली नव्हती, हे एवढ्यावरूनही दिसून येते.

येथवर आम्ही ग्रंथकर्त्यांबरोबर आहोत. अडचण येते ती त्यांच्या मुख्य साक्षीदाराशी. पॉल वायरिक हे त्या चळवळीचे एक सूत्रधार. नोव्हेंबर १९९० मध्ये वॉशिंग्टन येथील एका बैठकीत त्यांनी स्पष्ट सांगितले की चळवळ जन्मली ती गर्भपातामुळे नव्हे, बॉब जोन्सवरील करखात्याच्या कारवाईमुळे. आणि ग्रंथकर्ते स्वतः तेथे हजर होते. कबुली म्हणून ही मोलाची आहे खरी. पण कबुली बांधते ती ज्याने दिली त्याला. सहआरोपीच्या कबुलीजबाबाला आपली न्यायालये दुबळा पुरावा मानत आली आहेत, आणि त्यामागे शहाणपण आहे: माणूस स्वतःबद्दल खरे बोलताना इतरांबद्दलही खरे बोलतोच असे नाही. वायरिक यांना आपला मोठेपणाही सांगावयाचा असेल. जनता आपोआप उठली नाही, आम्ही तिला उठविले, असे म्हणणे कोणत्या संघटकाला आवडणार नाही?

उलटतपासणीसाठी दुसरा ग्रंथ हाताशी आहे. डॅनिएल के. विल्यम्स यांचा 'डिफेंडर्स ऑफ दि अनबॉर्न' २०१६ साली ऑक्सफर्डने काढला. १९३० नंतरच्या दशकांत कॅथलिक वैद्य, वकील आणि धर्मगुरू यांनी गर्भपाताचे निर्बंध सैल करण्यास जो विरोध केला त्याचा हा सविस्तर इतिहास आहे. वाचकास आश्चर्य वाटेल ते असे की यांपैकी अनेकजण रूझवेल्टच्या लोककल्याणकारी धोरणाचे पाठीराखे होते. दुबळ्याचे रक्षण राज्याने करावे, या विचारातच ते गर्भालाही धरीत. हा वर्ग १९७३ पूर्वीच बलवान झालेला होता. न्यूयॉर्कने १९७० साली केलेला उदार कायदा रद्द करण्याचे विधेयक तेथील विधिमंडळाने १९७२ मध्ये मंजूर केले, आणि ते अडविले रिपब्लिकन गव्हर्नर रॉकफेलर यांनी! त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मिशिगनच्या मतदारांनी निर्बंध सैल करण्याचा प्रस्ताव सुमारे ६१ टक्के मतांनी फेटाळला; नॉर्थ डकोटात, जेथे कॅथलिकांइतकेच लूथरपंथीयही आहेत, तीन चतुर्थांशांहून अधिक मते विरोधी पडली. या मतदारांचा बॉब जोन्सशी संबंध तो काय?

बाल्मर हे नाकारीत नाहीत. इव्हँजेलिकल मंडळी गर्भपात हा कॅथलिकांचा प्रश्न समजत होती, असे ते स्वतःच सांगतात. पण सांगून ते भरभर पुढे जातात, आणि आमच्या मते ग्रंथाची उणीव येथेच आहे. १९७८ च्या निवडणुकीआधीच्या रविवारी आयोवा राज्यात चर्चबाहेर उभ्या असलेल्या मोटारींवर गर्भपातविरोधी पत्रके लावली गेली आणि सिनेटर क्लार्क पडले, तेव्हा वायरिक यांस आपला विषय सापडला, असे ग्रंथकर्ते लिहितात. छान. पण ती पत्रके ज्यांनी लावली त्यांना विषय कोणी दिला होता? पुढाऱ्याला जे हत्यार सापडले ते आधी कोणाची तरी श्रद्धा होती. फौजदारी कायद्यात आम्ही हेतू आणि उद्देश वेगळे धरतो. त्याच रीतीने येथे चळवळीचा आरंभ आणि चळवळीचा आशय वेगळे धरावयास हवेत. बाल्मर यांनी पहिला शाबीत केला आणि दुसरा शाबीत झाल्याचे गृहीत धरले.

गोव्यातील एका कॅथलिक वकीलमित्रास आम्ही हा ग्रंथ वाचावयास दिला होता. परत करताना ते म्हणाले, "तुमच्या बाल्मरसाहेबांचे सगळे खरे असेल. पण माझी आई रोज तेर्स म्हणायची तेव्हा तिच्या डोक्यात करमाफी नव्हती." आम्ही त्यावर हसलो खरे, पण उत्तर सुचले नाही. आमच्यासारख्या उदारमतवादी वाचकास हे पुस्तक इतके गोड का लागते, याचाही विचार तेव्हापासून आम्ही करू लागलो. प्रतिपक्षाची श्रद्धा हे सोंग आहे असे एकदा ठरले की तिच्याशी वाद घालण्याचे कष्ट वाचतात.

तथापि श्रद्धेचा दावाही तपासून घ्यावा लागतो, कारण ती आपण सनातन असल्याचे सांगते. गर्भपात पाप होय हे कॅथलिक चर्चने आरंभापासून म्हटले. त्यात खंड नाही. पण तो मनुष्यवध केव्हा ठरतो, याचे उत्तर बदलत गेले. गर्भात आत्मा काही काळाने प्रवेशतो, हे ॲरिस्टॉटलपासून आलेले मत थॉमस अक्वायनसनेही स्वीकारले. पाचव्या सिक्स्टसने १५८८ साली सर्वच गर्भपातांना कठोर दंड लावला, तीनच वर्षांत चौदाव्या ग्रेगरीने तो सैल केला, आणि आत्मा आलेला व न आलेला हा भेद बहिष्काराच्या दंडापुरता पुसला गेला तो नवव्या पायसच्या काळी, १८६९ मध्ये. इंग्रजी कायद्याने हाच भेद दुसऱ्या शब्दांत जपला: गर्भाची हालचाल मातेला जाणवू लागली की अपराध भारी. आमच्या ३१२ व्या कलमात साधी शिक्षा तीन वर्षे आणि हालचाल सुरू झाल्यावर सात वर्षे, ही त्याचीच खूण. अमेरिकेत तो भेद मोडला कोणी? जेम्स मोर यांच्या १९७८ च्या ग्रंथाने दाखवून दिले आहे की ते काम मुख्यतः डॉक्टरांचे. बोस्टनचे होरेशिओ स्टोरर यांनी १८५७ मध्ये वैद्यकसंघाकडून ही मोहीम सुरू करविली. तीत गर्भाविषयीची कळकळ होती, सुइणी आणि भोंदू वैद्य यांना धंद्यातून हाकलण्याची निकड होती, आणि परदेशांतून आलेल्या कॅथलिकांची संख्या वाढून जुन्या प्रॉटेस्टंट घराण्यांची घटेल ही भीतीही होती. ज्या पंथाच्या लोकांची संख्या वाढेल म्हणून हा कायदा कडक केला, त्याच पंथाने शंभर वर्षांनी तो राखण्यासाठी लढावे, हा इतिहास बाल्मर यांच्या कथेहून अधिक गुंतागुंतीचा आहे. आणि अधिक बोलका.

आमच्या वाचकांना घरचा एक दाखला देतो. गोव्यात मुक्तीपर्यंत १८८६ ची पोर्तुगीज दंडसंहिता चालू होती. कॅथलिक राजाच्या त्या कायद्यात, आपली अब्रू झाकण्यासाठी गर्भपात करणाऱ्या स्त्रीस कमी शिक्षा सांगितली होती. जीवाचे मोल ठरविताना विधिकर्त्याच्या एका डोळ्यासमोर कुळाची इभ्रत होती, असा याचा अर्थ. भारतीय प्रजासत्ताकात १९६४ साली महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९६६ च्या अखेरीस तिचा अहवाल आला, आणि १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. धर्मशास्त्रात भ्रूणहत्या हे घोर पातक असूनही त्यावरून आमच्याकडे पक्ष उभे राहिले नाहीत. याबद्दल फुशारकी मारण्याचे कारण नाही. त्या कायद्याने संततिनियमनाचे साधन फसल्याची सवलत दिली ती 'विवाहित स्त्री व तिचा पती' यांना. अविवाहितेस ती २०२१ च्या दुरुस्तीने मिळाली. आणि मुलगी नको म्हणून होणारे गर्भपात रोखण्यासाठी महाराष्ट्राला १९८८ साली आणि केंद्राला १९९४ साली वेगळा कायदा करावा लागला.

'बॅड फेथ' निघाला त्यानंतर वर्षाच्या आतच, २४ जून २०२२ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'रो' रद्द केला. ग्रंथकर्त्यांच्या आरोपींनी खटला जिंकला म्हणावयाचे. पण पुढे ऑगस्टच्या २ तारखेस कॅन्सस राज्यात प्रश्न मतदारांपुढे गेला. रिपब्लिकन पक्षाचे हे जुने ठाणे. तेथे राज्यघटनेतील गर्भपाताचे संरक्षण काढून टाकावे काय, असे विचारले असता ५९ टक्के मतदारांनी नाही म्हटले. पुढारी एका वाटेने आणि अनुयायी दुसऱ्या वाटेने जाऊ शकतात, हे बाल्मर यांना मान्य व्हावे. मात्र मग १९८० सालचे अनुयायी पुढाऱ्यांमागे का गेले, हे केवळ पुढाऱ्यांना विचारून कळणार नाही. ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली, तर चर्चच्या आवारात ती पत्रके वाटणाऱ्या माणसांची जबानी त्यांनी घ्यावी. त्यांतील कित्येकजण अजून हयात असतील.