मोटारीचा टीकाकार

मोटारींवर लिहिणारा मनुष्य टीकाकार या पदवीस पात्र आहे काय, हा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांस विचित्र वाटेल. नाटकाचें, काव्याचें, फार तर बोलपटाचें परीक्षण त्यांच्या परिचयाचें असतें. परंतु क्लच, गिअर आणि ब्रेक यांवर लिहिणाऱ्यास जाहिरातदाराचा धाकटा भाऊ समजून पान उलटण्याचीच आपल्याकडे वहिवाट आहे. आम्हांस ही वहिवाट मान्य नाहीं. नाटक पडलें तर तिकिटाचे पैसे बुडतात. मोटार फसली तर एका कुटुंबाची कैक वर्षांची शिल्लक जाते, आणि प्रसंगीं त्या कुटुंबांतलीं माणसेंहि जातात. ज्या लेखनावर इतकें अवलंबून आहे, तें कसोटीस लावणें हें वाङ्मयास वाहिलेल्या मासिकाचें काम नव्हे असें कोण म्हणेल?

नव्या मुंबईंतील वाचकांस तर हें विशेष पटावें. १९६५ सालीं चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० त सिडकोची स्थापना झाली आणि १९७३ त वाशीचा पूल वाहतुकीस खुला झाला. मानखुर्दहून रेल्वे वाशीस पोंचली ती मात्र १९९२ त! जवळजवळ वीस वर्षें हें शहर मुंबईशीं रस्त्यानेंच बांधलेलें होतें. पुढें दुसरा पूल झाला, कळंबोलीपासून पुण्याकडे द्रुतगति महामार्ग गेला, २०२४ त अटल सेतु झाला. अशा ठिकाणीं गाडी ही नुसती चैनीची वस्तु राहत नाहीं. नेरूळ-बेलापूरच्या मध्यम स्थितींतील घरांत तिच्या खरेदीचा खल मुलीच्या लग्नाइतक्या गंभीरपणें चालतो, आणि त्या खलांत मोटारपत्रकाराचा शब्द घरांतील वडीलधाऱ्यांच्या शब्दाहून जड ठरतो.

आपल्याकडे या टीकेचा जन्म उशिरां झाला, याचें कारण उघड आहे. टीकेला निवड लागते. ॲम्बॅसडर, कुर्ल्याच्या कारखान्यांतली फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड एवढ्यांतच जेथें बाजार आटोपत होता, आणि नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागत होती, तेथें गुणदोषांची चिकित्सा कोणासाठीं करावयाची? गाडी दारांत आली कीं पेढे वाटले जात. तीच तिची समीक्षा! १९८३ च्या डिसेंबरांत मारुति आली, १९९१ नंतर परवान्यांचीं बंधनें सैल झालीं, परदेशी कारखानदार उतरले, आणि मग टीकाकारास काम मिळालें. १९९८ त पुण्याचे आदिल जाल दारूखानावाला यांच्या संपादकत्वाखालीं 'ओव्हरड्राइव्ह' निघालें, आणि १९९९ त मुंबईस होरमझ्द सोराबजी यांनीं 'ऑटोकार इंडिया'ची सूत्रें हातीं घेतलीं.

सोराबजी हे ख्यातनाम कायदेपंडित व भारताचे माजी ॲटर्नी जनरल सोली सोराबजी यांचे चिरंजीव. वकिलाच्या घरांतील हा मुलगा न्यायालयांत न जातां रस्त्यावर गेला. पण साक्षीपुरावा झाल्याखेरीज निकाल द्यावयाचा नाहीं, ही घरची रीत त्यांच्या मासिकानें सोडली नाहीं, असें गमतीनें म्हणावेंसें वाटतें. मूळ इंग्रजी 'ऑटोकार' १८९५ चें. गाडी स्वतः चालवून आणि मोजून परीक्षण करण्याची शिस्त तें १९२८ पासून पाळीत आलें आहे. तीच शिस्त येथें रुजली. थांबलेली गाडी तासीं शंभर किलोमीटरचा वेग किती सेकंदांत गांठते, ऐंशींच्या वेगावरून किती मीटरांत थांबते, लिटरमागें शहरांत किती व महामार्गावर किती चालते, हें सारें मोजून छापलें जातें. कारखानदार सांगतो तो इंधनाचा हिशेब प्रयोगशाळेंत, फिरत्या रुळांवर, ठराविक क्रमानें काढलेला असतो. परीक्षकाचा आंकडा गर्दींतून आलेला असतो. दोन्ही शेजारीं ठेवले कीं घरच्या हिशेबनिसास निराळें कांहीं सांगावें लागत नाहीं.

या मोजपट्टीचें महत्त्व केवळ शास्त्रीय नाहीं, नैतिकहि आहे. नव्या गाडीच्या पहिल्या फेरीस कारखानदार पत्रकारांस बहुधा स्वखर्चानें बोलावतो, उत्तम हॉटेलांत उतरवतो; गाडी त्याची, इंधन त्याचें, आणि मासिकांतल्या जाहिरातीहि पुष्कळशा त्याच्याच. यजमानाच्या पंगतींत बसून भाजींत मीठ नाहीं असें सांगणारा पाहुणा विरळा. पण मोजपट्टी कोणाच्या पंगतीस बसत नाहीं. जेथें ती थांबते आणि विशेषणें सुरू होतात, तेथें वाचकानें सावध व्हावें. शिवाय निकालपत्राची भाषा लवकर ठरीव होते. अशीं दहा परीक्षणें वाचलीं कीं अकराव्याचा शेवट आधींच सांगतां येतो.

या धंद्यांत वाङ्मय निर्माण होऊं शकतें काय, हें पाहावयाचें तर थोडें दूर, इंग्लंडांतील 'मोटर स्पोर्ट' मासिकाच्या डेनिस जेन्किन्सनकडे वळलें पाहिजे. १ मे १९५५ रोजीं इटलींतील मिले मिग्लिआ या शर्यतींत हा ठेंगणा, दाढीवाला पत्रकार स्टर्लिंग मॉसच्या शेजारीं बसला. सुमारें हजार मैलांचा सार्वजनिक रस्ता. ७२२ क्रमांकाची उघडी मर्सिडीज. रस्त्याचीं सारीं वळणें त्यानें अठरा फूट लांबीच्या कागदाच्या गुंडाळीवर टिपून ती एका पेटींत बसविली होती, आणि इंजिनाच्या गोंगाटांत शब्द ऐकूं येणार नाहीं म्हणून हाताच्या खुणा ठरविल्या होत्या. १० तास ७ मिनिटें ४८ सेकंदांत ते ब्रेशियास परतले. सरासरी वेग तासीं ९८ मैलांच्या जवळपास. जूनच्या अंकांतील त्याच्या वृत्तान्तांत वीरश्रीचा आव नाहीं. वळणावर पोटांत ढवळून उलटी झाली आणि वाऱ्यानें चष्मा उडाला, हेंहि तो लपवीत नाहीं. ज्याला जीव मुठींत धरून बसावें लागलें त्याला विशेषणांची गरज भासत नाहीं, असें तो लेख वाचतांना वाटतें.

तरीहि तो लेख गाडीच्या आंतून लिहिलेला आहे. १९५७ सालीं त्याच शर्यतींत गुइदिझोलो गांवाजवळ एक फेरारी रस्ता सोडून गेली. चालक व त्याचा सोबती यांच्याबरोबर रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षक ठार झाले, त्यांत पांच मुलें होतीं. शर्यत तेथेंच संपली.

आमच्या मोटारपत्रकारांवर आमचा मुख्य आक्षेप हाच, कीं त्यांची दृष्टि चालकाच्या आसनावरून सहसा हलत नाहीं. २०१४ च्या जानेवारींत ग्लोबल एनकॅप या संस्थेनें ऑल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो या पांच गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या तासीं ६४ किलोमीटरच्या वेगानें आदळून पाहिल्या. प्रौढांच्या संरक्षणाबाबत एकीसहि एक तारा मिळाला नाहीं. दोन एअरबॅगांची पोलो मात्र चार तारे घेऊन गेली. ही परीक्षा झाली जर्मनींत. मासिकाला गाड्या फोडून पाहणें परवडणार नाहीं, हें आम्ही जाणतों. पण या गाड्या कित्येक परीक्षकांच्या हातून आधींच गेल्या होत्या, आणि एअरबॅग नसणें ही गोष्ट यंत्रावांचूनहि दिसत होती. निकालांत तिला जें वजन दिलें गेलें तें आमच्या मतें फार हलकें होतें. पुढें सरकारनें नियम केले, १ ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची आघात-परीक्षा सुरू झाली, आणि आतां तारे छापले जातात. परंतु टीकाकारानें कायद्याच्या मागून यावें हें त्याच्या धंद्यास शोभत नाहीं.

मागच्या आसनाची तर अधिकच उपेक्षा. त्याची उशी, पाय पसरण्यास जागा, थंड हवेचा झोत यांवर आमचे परीक्षक हौसेनें लिहितात, पट्ट्याविषयीं ओळभर. २०२२ च्या सप्टेंबरांत पालघर जिल्ह्यांत सायरस मिस्त्री मागच्या आसनावर, पट्टा न बांधलेले असतां, अपघातांत गेले, तेव्हां कोठें या विषयाची घरोघर चर्चा झाली. वाशी-बेलापुरांतून कोंकणांत गांवीं निघालेल्या गाडींत मागें तिघें बसतात, आणि मधल्या जागीं बहुधा आजी किंवा सर्वांत धाकटें मूल असतें. कित्येक गाड्यांत त्या जागीं खांद्यावरून येणारा पट्टा नसे; कमरेचा तेवढा असे, तोहि बहुधा उशीखालीं दडपलेला. त्या जागेवर बसून लिहिलेलें एक परीक्षण आम्हांस वाचावयाचें आहे.