गुरुत्वाकर्षण : नाव आणि स्पष्टीकरण

महाराष्ट्राच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १’ या २०१८ साली निघालेल्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण गुरुत्वाकर्षणाचे आहे. केप्लरच्या तिसऱ्या नियमावरून व्यस्त वर्गाचा नियम कसा निघतो हे त्यात दाखवले आहे, ही मोठी जमेची बाजू. नियम निरीक्षणांतून येतो हे त्यामुळे विद्यार्थ्याला दिसते.

अडचण पुढे येते. अजिंठ्याच्या लेण्यांपाशी वाघूर नदी कड्यावरून झेपावते. ते पाणी खाली का येते, असे फर्दापूरच्या मुलांना विचारले, तर ‘गुरुत्वाकर्षणामुळे’ असे उत्तर मिळेल आणि गुणही मिळतील. पण हे केवळ पडण्याला दिलेले नाव झाले. स्पष्टीकरण सुरू होते ते दोन वेगळ्या घटना एकाच हिशेबात बसतात तेव्हा.

चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ६० त्रिज्या दूर आहे. म्हणजे तेथे त्वरण ३६०० पटींनी कमी हवे. दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो; तेवढेच पडायला चंद्राला एक मिनिट लागावे. आता चंद्राचे अंतर आणि २७.३ दिवसांचा फेरा घेऊन स्वतंत्रपणे गणित करा. उत्तर जवळपास तेच येते! लागणारी सूत्रे याच प्रकरणात आहेत. शिक्षकांनी हे गणित वर्गात अवश्य करून घ्यावे.

दुसरी उणीव गुरुत्वीय लहरींच्या चौकटीत आहे. सारे प्रकरण बलाची भाषा बोलते आणि येथे एकदम अवकाश-कालावरील लहरी येतात. मधला दुवा शिक्षकालाच जोडावा लागतो. गुरुत्वाकर्षणाचे कारण सांगण्याचे न्यूटननेच टाळले होते. पुढे बुधाच्या कक्षेत शतकाला ४३ विकलांचा फरक उरला. न्यूटनच्या नियमाने तो सुटेना. १९१५ साली आइन्स्टाइनने अवकाश-कालाच्या वक्रतेवरून नेमका तेवढाच फरक काढून दाखवला. म्हणून न्यूटन टाकाऊ ठरला नाही. उपग्रह सोडताना त्याचाच नियम बहुतेक काम भागवतो. सिद्धान्ताला मर्यादा असतात, एवढेच यातून शिकायचे.

याच मराठवाड्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला २०२३ साली केंद्राची मंजुरी मिळाली. तेथे काय मोजणार, असे मुले विचारतील. त्यांना पुन्हा ‘गुरुत्वाकर्षण’ एवढेच उत्तर मिळू नये.