धूर, अग्नी आणि फेव्हिकॉलची बस



मागच्या वेळी आम्ही इथंच 'स्मृती' या विषयावर बोललो, तेव्हा अगदी शेवटी एका तरुण श्रोत्याने हात वर केला होता. तो छोट्या उद्योगांसाठी जाहिरातीचे व्हिडिओ करतो. त्याचा प्रश्न असा होता : सर, न्यायदर्शन वगैरे ठीक आहे, पण यूट्यूबवर पाच सेकंदांनी 'स्किप'चं बटण येतं. माणूस थांबावा आणि पाहिलेलं त्याच्या लक्षात राहावं, यासाठी करायचं काय? वेळ संपली होती म्हणून आम्ही सुटलो. पण प्रश्न काही सुटला नाही. आज त्याचंच उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी जाहिरातीवर बोलावं याचं कोणाला नवल वाटेल, तर आम्ही एवढंच सांगू की पंचाहत्तरीकडे झुकलेल्या या डोक्यात कांटच्या कोटींची यादी आता अडखळते, आणि निरमाची धून मात्र पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत शाबूत आहे. हे असं का झालं, याची चौकशी करण्याचा आम्हाला अधिकार आहे. (हशा)

त्या धुनीचा निकाल आधी लावून टाकू. ती लक्षात राहिली त्यात मोठा वाटा आवृत्तीचा. एकच दूरदर्शन होतं, उठून जाणार कुठे? रोज तेच कानावर पडलं, संस्कार घट्ट झाला. आज ती सोय नाही. बटण प्रेक्षकाच्या हातात आहे. तेव्हा आवृत्तीवर विसंबून चालणार नाही.

नैयायिक सांगतात की अनुभव संपला तरी त्याचा संस्कार मागे उरतो, आणि तो निपचित पडून असतो. त्याला जागं करणारं काहीतरी लागतं. त्याला ते उद्बोधक म्हणतात. जाहिरातवाल्याची गोची इथंच आहे. त्याला दोन कामं करायची असतात : आज घरात संस्कार पेरायचा, आणि तो उद्या दुकानात, नेमका त्या वस्तूसमोर जागा करायचा. पहिलं पुष्कळांना जमतं. आपण चहा पिताना एकमेकांना सांगतो, 'अहो ती जाहिरात पाहिलीत का, त्यात तो म्हातारा आणि कुत्रं…' आणि पुढे विचारलं की कशाची जाहिरात, तर दोघंही गप्प. म्हातारा आठवतो, कुत्रं आठवतं, माल आठवत नाही. असा व्हिडिओ गोष्ट म्हणून जमला, जाहिरात म्हणून वाया गेला.

आता एक जमलेली घेऊ. फेव्हिकॉलची बस बहुतेकांनी पाहिली असेल, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. ओगिल्व्हीची, पीयूष पांडे यांच्या काळातली. दिग्दर्शन प्रसून पांडे यांचं. राजस्थानातला वाळवंटी, खडबडीत रस्ता. एक बस चालली आहे. टपावर माणसं, दोन्ही बाजूंना लटकलेली माणसं, मागे शिडीवर माणसं. पत्रा कुठे दिसतच नाही. बस खड्ड्यांतून उसळते आहे, सगळा घोळका एकदम डोलतो आहे, पण एकही माणूस खाली पडत नाही. संवाद नाही. बस पुढे निघून जाते, तिची पाठ दिसते, आणि पाठीवर फेव्हिकॉलची पाटी. संपलं.

यात काय घडलं ते सावकाश पाहू. पहिल्या काही क्षणांत तुमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो : हे पडत कसे नाहीत? शब्दबोधाच्या चर्चेत याला आकांक्षा म्हणतात. आम्ही नुसतं 'गाईला' म्हटलं आणि थांबलो, तर तुमचं मन पुढच्या शब्दाची वाट पाहतं : आण, बांध, सोड, काय? त्या तरुणाच्या पाच सेकंदांना लागते ती ही आकांक्षा. लोक तिथे धडामधुडुम संगीत घालतात, नट ओरडत येतो. त्याने माणूस दचकतो. दचकलेला माणूस बटण अधिक लवकर दाबतो, निदान आम्ही तरी दाबतो.

मग पाटी दिसते आणि तुम्ही स्वतः अनुमान करता. कोणी सांगत नाही की फेव्हिकॉल घट्ट चिकटतो. कार्य आधी दाखवलं, कारण मागे ठेवलं. नदीला पूर आलेला पाहून वर कुठेतरी पाऊस झाला असला पाहिजे असं आपण म्हणतो, त्याला वात्स्यायन शेषवत् अनुमान म्हणतो. बस हा पूर आहे आणि पाटी हा पाऊस. त्यांचीच अंड्याची जाहिरात आठवा. ढाब्यावरचा आचारी अंडं फोडू पाहतो, आपटतो, ठोकतो, ते फुटत नाही. मग कोंबडी दिसते, फेव्हिकॉलच्या डब्यात चोच घालून दाणे टिपणारी. चाल तीच.

या दोन्हींतून फेव्हिकॉल काढून टाका आणि काय उरतं ते पाहा. न पडणारी माणसं आणि न फुटणारं अंडं. गोष्टच उरत नाही, नुसता चमत्कार उरतो. माल हा गोष्टीचा हेतू आहे. न्यायातला हेतू म्हणतो आहोत आम्ही, ज्याच्या बळावर निष्कर्ष उभा राहतो तो. म्हणून ही गोष्ट दुसऱ्याला सांगताना मालाचं नाव घेतल्याशिवाय सांगताच येत नाही. आमच्या मते लक्षात राहणाऱ्या जाहिरातीची कसोटी एवढीच : नाव गाळून ती सांगता येते का? येत असेल तर मालकाने पैसे परत मागावेत.

उलट उदाहरण आमच्या अंगावरचंच आहे. काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेने प्रवेशासाठी व्हिडिओ केला. जुने प्राध्यापक म्हणून आम्हाला बोलावलं, कोट घालायला लावला. ड्रोनने इमारत घेतली. झाडाखाली चार मुलं लॅपटॉपकडे बघून हसतात, एक मुलगी जिन्यावरून सावकाश उतरते, खाली पियानो. आम्ही एकच वाक्य बोललो होतो. आमच्या ग्रंथालयातले शिपाई मुलाचा विषय ऐकून, कपाटाशी न जाता, पुस्तक कुठल्या रांगेत आहे ते सांगत. ते निवृत्त झाले तेव्हा ग्रंथपालांना नवी सूची करावी लागली. हे वाक्य कापलं. 'सर, फ्लो तुटतो,' असं त्या मुलाने अदबीने सांगितलं. कोट तेवढा राहिला.

आता तर्कसंग्रह शिकलेल्यांना एक हेत्वाभास आठवेल : पर्वत अग्नीने युक्त आहे, कारण तो ज्ञेय आहे. ज्ञेय काय नाही? तळंही ज्ञेय आहे आणि तिथे अग्नी नाही. जो हेतू सगळीकडेच सापडतो तो काहीच सिद्ध करत नाही. ड्रोन, पियानो, हसरी मुलं हा सगळा ज्ञेयपणा आहे. शेवटची पाटी बदला, तोच व्हिडिओ रुग्णालयाला चालेल, गृहसंकुलाला चालेल. ग्रंथालयातले ते शिपाई मात्र दुसऱ्या कोणाला चालले नसते. तिथे धूर होता.

आता कोणी म्हणेल, कॅडबरीचं काय? आक्षेप रास्त आहे. १९९० नंतरच्या दशकातली ती क्रिकेटची जाहिरात. फलंदाज नव्व्याण्णववर आहे, चेंडू उंच उडतो, प्रेक्षकांत बसलेल्या मुलीचा श्वास अडकतो, चेंडू सीमेपार जातो, आणि ती शिपायाला चुकवून मैदानात नाचत शिरते. यात चॉकलेट कुठे हेतू आहे? तिच्या हातात शेंगदाण्याची पुडी असती तरी षटकार बसलाच असता. आम्ही यावर बराच विचार केला. असं दिसतं की इथे मालाचा आणि कृतीचा आकार एक आहे. तोवर चॉकलेट म्हणजे पोरांचा खाऊ. मोठ्या माणसाने चारचौघांत खाणं म्हणजे थोडं लाजिरवाणं. त्या मुलीने मैदानात शिरणंही तसंच : नियम मोडला, नुकसान कोणाचंच नाही, आणि पाहणारे खूश. एक दुसऱ्याची उपमा झाली. शेंगदाणे उघड्यावर खायला आपल्याला कधी कोणाची परवानगी लागली नव्हती, म्हणून शेंगदाणे तिथे चालले नसते.

२०२१ मध्ये तीच जाहिरात पुन्हा केली. या वेळी बॅट बाईच्या हातात आणि नाचत शिरणारा मुलगा. ज्यांनी पहिली पाहिली होती त्यांच्या घशात काहीतरी दाटून आलं, आमच्याही आलं, नाकारत नाही. याला प्रत्यभिज्ञा म्हणायचं, 'तोच हा देवदत्त'. जुनं आठवतं, नवं समोर दिसतं, आणि दोन्हींच्या मध्ये देश किती हलला तेही दिसतं. पण जुनी पाहिली नसेल त्याच्यासाठी तो एक नाचणारा मुलगा आहे, बाकी काही नाही. म्हणून उठसूट जुन्या जाहिराती पुन्हा काढणाऱ्यांनी जरा जपून राहावं.

इथवर आम्ही कारागिरीचं कौतुक केलं. आता जे आम्हाला खुपतं ते.

अनुमान दोन प्रकारचं. स्वतःसाठी केलेलं ते स्वार्थानुमान, दुसऱ्याला पटवण्यासाठी मांडलेलं ते परार्थानुमान. परार्थानुमानात सगळे अवयव उघड मांडावे लागतात, म्हणजे समोरच्याला हरकत घेता येते. सर्फच्या ललिताजी हे परार्थानुमान होतं. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांच्या स्वस्त निरमाने सर्फची बाजारपेठ हलवली, तेव्हा लिंटासमधून अलेक पदमसींनी ही बाई उभी केली. कविता चौधरींनी तिला चेहरा दिला. भाजीवाल्याशी पैशापैशाची घासाघीस करणाऱ्या बाईला एक पुरुषी आवाज विचारतो की मग महागडा सर्फ कशाला? ती उत्तर देते : अर्धा किलो सर्फ हा स्वस्त पावडरीच्या एक किलोइतका चालतो. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सगळं समोर. पटत नसेल तर घरी वजन करून बघा. आम्हाला ती बाई तेव्हा आगाऊ वाटायची. आता तिच्याबद्दल आदर वाटतो.

बसची जाहिरात मात्र तुमच्याकडून स्वार्थानुमान करून घेते. आपण स्वतः काढलेला निष्कर्ष आपल्याला आपलाच वाटतो, त्याच्यावर आपण हरकत घेत नाही. आणि अनुमानाला व्याप्ती लागते, 'जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी'. ती जाहिरातीत नसते. ती पाहणाऱ्याने पुरवायची असते. फेव्हिकॉलच्या बाबतीत ती इतकी अचाट आहे की कोणी खरी मानत नाही. अतिशयोक्ती आहे हे दोघांनाही ठाऊक, सगळे हसतात, विषय संपतो.

आता गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात पाहा. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली, २०२० मध्ये तिच्या नावातला 'फेअर' गेला. मधल्या काळातली एक जाहिरात अशी : घरात चणचण आहे, बाप मुलगा नसल्याची खंत बोलून दाखवतो, मुलगी ऐकते, क्रीम लावते, उजळते, विमानात नोकरी मिळवते, आईबापांना हॉटेलात कॉफी पाजते. महिला संघटनांनी आक्षेप घेतले, ती मागे घेण्यात आली. पण आमच्या कसोटीला ती लावा. नाव गाळून सांगता येते का? नाही. आकांक्षा आहे का? भरपूर. माल हा हेतू आहे का? नेमका. कारागिरीत ती बसच्या जाहिरातीपेक्षा रतीभरही कमी नाही. 'जिथे गोरेपण तिथे नोकरी' हे वाक्य तिच्यात कोणीही उच्चारत नाही. ते पाहणाऱ्याच्या घरात आधीपासून होतं, नसतं तर ती जाहिरात कोणाला कळलीच नसती.

म्हणून त्या तरुणाला आमचं सांगणं आहे की चित्रीकरणाआधी एका कागदावर ते न उच्चारलेलं वाक्य लिहून काढ. जे प्रेक्षकाने आपल्या पदरचं घालायचं आहे, ते. वाचून हसू आलं तर जा, कॅमेरा लाव. ते तुझ्या बहिणीसमोर मोठ्याने वाचवत नसेल, तर दुसरी गोष्ट शोध.

हे आम्हाला फार उशिरा कळलं. नव्वदच्या दशकात आम्ही वर्गात व्याप्ती शिकवत होतो आणि घरी आमच्या मुलीच्या टेबलावर तसलीच एक ट्यूब होती, कुठल्या कंपनीची ते महत्त्वाचं नाही. आम्ही ती रोज पाहत होतो. विचारलं कधीच नाही. नैयायिक म्हणतात, व्याप्ती माणूस शिकतो ती स्वयंपाकघरात, धूर आणि अग्नी पुन्हा पुन्हा एकत्र पाहून. या व्याख्यानाची टिपणं काढताना परवा मुलीला फोन केला. ती आता चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. विचारलं, ती कुठली जाहिरात पाहून घेतली होतीस गं?

ती म्हणाली, "बाबा, जाहिरात काही आठवत नाही. आजी स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना पाहुण्यांना सांगायची ना, 'नाकीडोळी नीटस आहे हो आमची, पण…' ते 'पण' आठवतं."

आमच्या आईने ते वाक्य कधी पुरं केलं नव्हतं. आम्हीही तिथेच बसलेले असायचो, चहा घेत.

घड्याळ दाखवताहेत. प्रश्न घेऊ या.