उपग्रह प्रतिमा आणि भूमी उपयोजन : पुणे परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

१९७२ मध्ये लँडसॅट-१ आणि १९८८ मध्ये भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह अवकाशात गेल्यानंतर नगरविस्ताराच्या अभ्यासाला नवे साधन मिळाले. २००८ मध्ये लँडसॅटचा संग्रह विनामूल्य खुला झाल्यावर असे अभ्यास विपुल प्रमाणात होऊ लागले. दोन वर्षांच्या प्रतिमा घेऊन त्यांचे वर्गीकरण करावयाचे आणि शेतजमिनीतील घट व बांधकाम क्षेत्रातील वाढ कोष्टकात मांडावयाची, ही त्यांची रूढ पद्धत होय. ती उपयुक्त असली तरी तिच्या मर्यादांचा विचार होणे आवश्यक आहे.

मूळ प्रश्न संकल्पनेचा आहे. उपग्रहास दिसते ते भूमी आच्छादन. भूमी उपयोजन हे मानवी हेतूशी निगडित असते. पुण्याभोवतालच्या गावांत जमिनीचे गुंठेवारीने तुकडे पडून त्यांची विक्री होते, तेव्हा प्रतिमेत मात्र गवतच दिसत राहते. शेती संपलेली असते; बांधकाम सुरू व्हावयाचे असते. हे स्थित्यंतर सातबारा, फेरफार आणि प्रत्यक्ष भेटीतूनच कळू शकते.

दुसरा प्रश्न ऋतूचा. एक प्रतिमा पावसाळ्यानंतरची व दुसरी उन्हाळ्यातील असल्यास कोरडवाहू शेत पडीक ठरते. दख्खनच्या पठारावरील उघडा मुरूम आणि बांधकाम यांचे वर्णपटीय गुणधर्मही पुष्कळदा एकमेकांत मिसळतात. अशा वेळी कोष्टकातील 'घट' ही जमिनीतील नसून हंगामातील असते.

तिसरा प्रश्न प्रमाणाचा. लँडसॅटच्या ३० मीटर विभेदनाचा एक पिक्सेल ९०० चौ. मी. म्हणजे सुमारे ९ गुंठे व्यापतो. एक-दोन गुंठ्यांवरील घर, अंगण आणि शेजारची भाजीची वाफे त्यात एकाच वर्गात बसतात. वर्गीकरणाची अचूकता टक्केवारीत दिली जाते. परंतु पडताळणीचे बिंदू त्याच प्रतिमेवरून निवडले असतील, तर त्या टक्केवारीस फारसा अर्थ उरत नाही.

ही चर्चा केवळ तांत्रिक नाही. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. अशा गावांची विकास योजना विद्यमान भूमी उपयोजनाच्या नकाशापासून सुरू होते. त्या नकाशात कसती जमीन पडीक म्हणून नोंदली गेली, तर तिच्यावर आरक्षण टाकणे सोपे होते आणि चुकीचा भार शेतकऱ्यावर पडतो.

सारांश, एकाच हंगामातील प्रतिमांची तुलना, महसुली नोंदींची जोड आणि स्वतंत्र क्षेत्रीय पडताळणी या तीन अटी पाळल्या गेल्या, तरच उपग्रह प्रतिमा नियोजनाचा विश्वसनीय आधार ठरू शकेल.