माळ्यावरचे सामान आणि तीन नाटके

दिवाळी आठ दिवसांवर आली की घरोघर माळे उतरवले जातात. कोणाच्या तरी लग्नात आलेले घंगाळ, गळका बंब, एक पाय डुगडुगणारा चौरंग, आजोबांची वेत फाटलेली आरामखुर्ची अशी मंडळी वर्षातून एकदा उजेड बघायला खाली येतात. त्यांच्या अंगावरून फडके फिरते, त्यांच्याविषयी दोन आठवणी निघतात आणि मग घरातले कोणी वडीलधारे माणूस म्हणते, “राहू दे, असू दे.” सामान पुन्हा वर जाते. एखादा तरुण मुलगा विचारतो, “हे काढून का टाकत नाही?” त्याला उत्तर मिळत नाही; हातावर एक लाडू मिळतो.

या ‘असू दे’ला आपल्या साहित्याने फारसा हात घातलेला नाही, असे मला बरेच दिवस वाटत आले आहे. वाटणीची नाटके आणि कादंबऱ्या आपल्याकडे उदंड आहेत. भाऊबंदकी हा तर आपला हातखंडा विषय. पण त्यांत भांडण होते ते जमिनीवरून, घरावरून, सोन्यावरून. कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’मध्ये (1970) आप्पासाहेब बेलवलकर आपले सर्वस्व मुलांना देऊन मोकळे होतात, नाटक सुरू होते ते त्यानंतर. देण्याची घटका तिथे क्षणभराची आहे. मुले घेतील, हे त्यात गृहीतच आहे. पुढे ती कशी वागतील एवढाच काय तो प्रश्न. मुलांना ते नकोच असेल तर काय, ही शंका आपल्या लेखकांच्या मनाला शिवलेली दिसत नाही.

जुन्या शास्त्रकारांनी मात्र घरातल्या बारीकसारीक वस्तूंचाही विचार केला होता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ज्यांची वाटणी करू नये अशा गोष्टींची एक यादी आहे. अंगावरचे वस्त्र, वाहन, अलंकार, शिजवलेले अन्न, पाणी अशा गोष्टी तिच्यात येतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर एक गमतीदार मतभेद नोंदवला आहे. ज्यांच्यापाशी काहीच नाही त्यांनी निदान पाण्याची भांडी तरी वाटून घ्यावीत, असे पूर्वाचार्यांचे म्हणणे. कौटिल्याला ते पटत नाही. असलेल्या द्रव्याची वाटणी होते, नसलेल्याची नव्हे, असे तो ठणकावतो. परंतु असलेले आहे आणि घेणारा कोणी नाही, अशा द्रव्याचे काय करावे, हे त्यालाही सांगावे लागले नाही. तो प्रश्न आपल्या काळाचा आहे.

तो सरळ रंगभूमीवर मांडणारे एक नाटक अमेरिकेत लिहिले गेले. आर्थर मिलर यांचे ‘द प्राइस’ 1968 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला प्रथम झाले. मिलर म्हटले की आपल्याला सेल्समनचा मृत्यू आठवतो आणि या नाटकाकडे दुर्लक्ष होते. मला ते अन्यायाचे वाटते. पडदा उघडतो तो एका माळ्यावरच. मॅनहटनमधले जुने घर पाडायचे ठरले आहे. वरच्या मजल्यावर एका कुटुंबाचे सगळे सामान कोंबून ठेवले आहे. अवजड कपाटे, भलेमोठे जेवणाचे मेज, खुर्च्या, आणि मधोमध एक हार्प, तिचे लाकूड तडकलेले. घरधनी 1929 च्या पडझडीत बुडाला. तो मरूनही सोळा वर्षे झाली. त्याचा पोलिसात नोकरी करणारा मुलगा व्हिक्टर सामान विकायला आला आहे, आणि ते विकत घ्यायला आला आहे एकोणनव्वद वर्षांचा ग्रेगरी सॉलोमन.

हा सॉलोमन म्हणजे मिलरच्या नाटकांतले एक अपूर्व पात्र. तो जिना चढून येतो तो धापा टाकत. बसतो, पिशवीतून उकडलेले अंडे काढून खातो आणि भाव सांगायचे सोडून जगभरच्या गप्पा मारतो. व्हिक्टर उतावळा होतो. पण त्या गप्पांत त्याने जे सांगितले आहे ते अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सहसा सापडायचे नाही. तो म्हणतो त्याचा मथितार्थ असा : हे मेज मोडणार नाही, म्हणूनच ते कोणाला नको आहे. असे मेज घरात आले की माणसाला कळून चुकते की आता आपण याच्यासकट जन्म काढायचा. पुढे काही नवे व्हायचे नाही. आजच्या माणसाला वस्तू हवी ती टाकून देता येईल अशी. शिवाय नव्या घरांची दारे लहान असतात. ही कपाटे त्या दारांतून आत जाणारच नाहीत.

दारांची ही गोष्ट ऐकताना मी जागच्या जागी चपापलो होतो. पुण्यातल्या आमच्या वाड्याचे पुनर्वसन ठरले तेव्हा आमच्या वडिलांचे शिसवी कपाट मी तिन्ही मुलांना देऊ केले. थोरल्याने फोटो मागवला, मधल्याने मापे मागवली, धाकटीने सांगितले, “बाबा, लिफ्टमध्ये मावणार नाही.” तिघेही सज्जन आहेत. वाईट मला त्यांच्या नकाराचे वाटले नाही. मापे घेताना माझ्या लक्षात आले की गेली तीस वर्षे मी स्वतःही ते कपाट उघडले नव्हते; त्याचे वाईट वाटले. असो.

सॉलोमनच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलायला हवी. एवढे सामान विकत घ्यायचे तर ते विकून होईपर्यंत जगायला पाहिजे. एकोणनव्वदाव्या वर्षी हा सौदा करावा की नाही, याचा त्याला खरोखर घोर पडतो. देणारा अजून पन्नाशीच्या आत आणि घेणारा नव्वदीला टेकलेला, अशी ही उलटी रचना आहे. शेवटी तो 1150 डॉलर मोजतो. हा आकडा ऐकून प्रेक्षागृहात कोणी ना कोणी नक्की मनातल्या मनात आपल्या घरच्या पलंगाची किंमत करीत असणार.

नाटकाचा दोष हा की व्हिक्टरचा डॉक्टर भाऊ वॉल्टर आला आणि सामान मागे पडले. तो सुचवतो की हे सगळे दान केले असे दाखवून करात सूट घ्यावी. म्हणजे त्याच लाकडाची किंमत कागदावर कित्येक पटींनी वाढते. ही सूचना फार बोचरी आहे. तिच्यावरच एक अंक उभा राहिला असता. त्याऐवजी दोघे भाऊ बापासाठी कोणी काय सोडले याचा जुना हिशेब काढतात, आणि सबंध उत्तरार्ध वकिली जबाबांसारखा चालतो. कोणाचीच बाजू पूर्ण खोटी ठरू नये, असा मिलर यांचा आग्रह होता. तो स्तुत्य असला तरी त्यापायी हार्प कोपऱ्यात मुकी राहते, हे काही बरे झाले नाही.

चेकॉव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’मध्ये (1904) असे घडत नाही. तिथे वस्तूंना शेवटपर्यंत विसर पडू दिलेला नाही. पहिल्या अंकात गायेव शंभर वर्षांच्या पुस्तकांच्या कपाटापुढे उभा राहून त्याच्या सन्मानार्थ भाषण करतो. लोक हसतात, तोही ओशाळतो. चौथ्या अंकात तेच घर उघडेबोडके आहे. उरलेसुरले सामान विक्रीला मांडावे तसे एका कोपऱ्यात रचले आहे. मंडळी निघून जातात, दारांना कुलपे लागतात, आणि मग कळते की सत्त्याऐंशी वर्षांचा नोकर फिर्स आतच राहिला. सामानाच्या यादीत तो कोणी लिहिलाच नव्हता. चेकॉव्ह या नाटकाला कॉमेडी म्हणत होता, स्टानिस्लाव्हस्कीने ते शोकान्त करून बसवले, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. मला वाटते कपाटापुढचे भाषण नीट ऐकले तर वाद मिटावा. ज्या माणसाला कपाटाशी बोलता येते आणि लिलावाची तारीख लक्षात घेता येत नाही, त्याच्यावर हसावेही लागते आणि त्याच्याबरोबर बसावेही लागते.

आता आपल्याकडे येऊ. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ (1985) हे धरणगावच्या देशपांड्यांचे नाटक. विजया मेहता यांनी ते प्रथम बसवले. 1994 मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ यांच्यासह त्याची त्रयी रंगभूमीवर आणली. तात्याजी गेले आहेत, तेराव्याचा खर्च कसा भागवायचा याची विवंचना आहे, मुंबईहून सुधीर आणि अंजली आली आहेत. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे. सर्वांचा जीव अडकला आहे दागिन्यांत. एका रात्री वहिनी ते सारे अंगावर चढवते, तो प्रसंग मराठी रंगभूमीवरच्या अविस्मरणीय प्रसंगांतला आहे यात वाद नाही. आणि तेच दागिने घेऊन रंजू मास्तरबरोबर पळते.

पण बारकाईने पाहा. सोने हे पळवता येते म्हणूनच त्याच्यावर नाटक होऊ शकते. वाड्यातली पितळेची भांडी, पलंग, फडताळे यांचे काय झाले? ती कोणीही पळवली नाहीत. सुधीरला त्यातले काही मुंबईच्या खोलीत नेता आले नसते, भास्करला ती ठेवून करायचे काय हे ठाऊक नाही. एलकुंचवारांचा वाडा आपण चिरे आणि सोने म्हणून पाहिला. त्यातले लाकूड पाहायचे राहिले. हा लेखकाचा दोष की आम्हा टीकाकारांचा, हे मी ठरवू शकलेलो नाही. वाड्याच्या पडझडीवर आम्ही इतके गहिवरून लिहिले की त्यात राहणाऱ्यांना तो झाडावा, सारवावा लागतो याचा विसर पडला. झाडणारी वहिनी होती, टीकाकार नव्हे.

तिन्ही नाटकांत एक फार म्हातारे माणूस आहे, हा योगायोग मला पुष्कळ दिवस छळतो आहे. फिर्स, सॉलोमन आणि पुन्हापुन्हा वेळ विचारणारी दादी. फिर्सला सामानासारखे मागे ठेवले जाते. दादीचा मुलगा तिच्याआधी गेला आहे आणि ती अजून त्यालाच हाक मारते. तिघांत एकटा सॉलोमन असा की त्याचा त्या घरात काडीचाही वाटा नाही. त्याच्या स्वतःच्या आयुष्यातही आत्महत्या केलेल्या मुलीचे दुःख आहे, आणि तरी नाटकाच्या शेवटी सगळे निघून गेल्यावर तो त्या सामानात एकटा बसतो, नुसत्या हसण्याचा एक जुना रेकॉर्ड लावतो आणि त्याच्याबरोबर हसू लागतो. व्हिक्टरने सबंध माळ्यातून बरोबर नेली ती फक्त आपल्या तरुणपणीची तलवारबाजीची साधने. बाकीचे सारे या परक्या म्हाताऱ्याच्या हवाली.

या नाटकाचे मराठी रूपांतर करायचे झाले तर काय करावे, याचा खेळ मी हल्ली मनाशी खेळत असतो. घर गिरगावातले, चार दिवसांनी पाडायचे. सॉलोमनच्या जागी चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरचा एखादा वयोवृद्ध व्यापारी; किंवा दारात टोपली टेकून जुनी लुगडी उलटीपालटी करून पाहणारी बोहारीण, कारण भाव करता करता घरच्या सुनांची सुखदुःखे काढून घेण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. अडचण येते ती हार्पची. पुष्कळ विचारानंतर मी तिथे पायपेटी ठेवली आहे. संगीत नाटकांच्या काळात कोणी हौसेने घेतलेली, भाता फाटलेली. व्यापारी ती उघडतो, पायटा दाबून पाहतो, एकच सूर कसाबसा निघतो. तो कोणता असावा, हे मात्र एखाद्या जाणत्या पेटीवाल्याला विचारले पाहिजे.