यंत्राच्या मुखातून मराठी

ग्रंथाचे परीक्षण आपल्या वाचकांना नवे नाही. वाचनाचे परीक्षण मात्र आपल्याकडे क्वचित होते, आणि वाचणारा माणूस नसून यंत्र असेल, तर ते करावे असे कोणाच्या मनातही येत नाही. प्रस्तुत टिपणात आम्ही तेच करू पाहतो. निमित्त आमच्या मंडळाच्या एका छोट्या उपक्रमाचे आहे. प्रश्न मात्र मराठी कानाचा आहे, आणि महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणां सर्वांचा आहे.

इंदूरसारख्या शहरात मराठीचे दोन प्रकारचे वाचक आज हातचे निसटत आहेत. एक, ज्यांना वाचनाची गोडी आहे, परंतु वयाने वा मधुमेहाने ज्यांची दृष्टी अधू झाली आहे. दुसरे, ज्यांच्या घरात मराठी बोलली जाते, परंतु शिक्षण हिंदी-इंग्रजीतून झाल्यामुळे छापील मराठी पान ज्यांना जड जाते. दोघांचाही कान शाबूत आहे. तेव्हा त्रैमासिकातील लेख त्यांना मोबाइलवर ऐकता यावेत, असे मंडळाने ठरविले.

आमच्यापैकी कोणालाही संगणकाची आज्ञावली लिहिता येत नाही. ती न लिहिताही अ‍ॅप तयार करून देणारी ग्लाइड, अ‍ॅपशीट, बबल यांसारखी साधने आता उपलब्ध आहेत. दुसऱ्या टोकाला, दिलेला मजकूर बोलून दाखविणाऱ्या सेवा आहेत. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही सेवेत मराठी आवाज आहेत. ही दोन टोके आपण होऊन एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांच्यामध्ये झेपियर किंवा मेक (२०२२ पूर्वीचे इंटेग्रोमॅट) यांसारखा एक मध्यस्थ लागतो. ज्यांनी सरकारी कचेरीत उमेदवारी केली आहे, त्यांना हा मध्यस्थ म्हणजे आवक-जावक कारकून आहे हे लगेच ध्यानात येईल. लेख अ‍ॅपमध्ये भरला की तक्त्यात एक नवी ओळ उमटते. मध्यस्थ ती पाहतो. मजकूर, भाषेचा संकेत आणि आवाजाचे नाव सेवेकडे रवाना करतो. परत आलेली ध्वनिफीत साठवणीत ठेवतो, आणि तिचा पत्ता त्याच ओळीत नोंदवितो. अ‍ॅपमधील बटण दाबले की लेख ऐकू येतो.

या कारकुनाचा एक दोष आम्ही पैसे मोजून शिकलो. ‘नवी ओळ आली की कामाला लाग’ असे सांगण्याऐवजी आम्ही ‘ओळ बदलली की लाग’ असे सांगितले होते. पत्ता नोंदविल्याने ओळ बदलत असे, ओळ बदलल्याने तोच लेख पुन्हा वाचावयास जात असे. नस्ती एकाच मेजावर रात्रभर फिरत राहिली. चूक सर्वस्वी आमची होती. सांगितले तेवढेच करणे आणि का सांगितले हे न विचारणे, हा या नोकराचा स्वभाव आहे, आणि पुढील सर्व टीकेचे मूळही तेथेच आहे.

आता वाचनाकडे वळू. देवनागरी हिंदीचीही लिपी आहे आणि मराठीचीही. केवळ अक्षरे पाहून भाषा ठरत नाही. पहिल्या प्रयत्नात भाषेचा संकेत आमच्याकडून हिंदीचा राहून गेला, आणि ‘ज्ञान’ हे ‘ग्यान’ झाले, ‘कृपा’ ही ‘क्रिपा’ झाली. सभासद हसले. आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण आमच्या नातवंडांच्या तोंडी हेच उच्चार आम्ही रोज ऐकतो. यंत्राने आमच्यापुढे आरसाच धरला होता.

संकेत दुरुस्त केल्यावर गद्य बरेच सुधारले. इतके, की माहितीपर लेख किंवा सभेचा वृत्तान्त यंत्राने वाचला असता काही उणे वाटू नये. तरीही तीन उणिवा राहतात, आणि त्या मराठीच्या अंगभूत आहेत.

पहिली दन्त्य-तालव्याची. ‘चार’ या संख्येतील च तालव्य, गुरांच्या ‘चारा’तील दन्त्य. ‘जरा थांबा’ यातील ज दन्त्य, आणि वार्धक्य या अर्थाच्या ‘जरा’तील तालव्य. लिपी हा भेद दाखवीत नाही. मराठी मूल तो आईच्या तोंडून शिकते. यंत्र तो पुष्कळदा अचूक करते, परंतु चुकते तेथे तितक्याच आत्मविश्वासाने चुकते. अडखळणारा वाचक श्रोत्याला सावध करतो. यंत्र अडखळतच नाही.

दुसरी उणीव संक्षेपांची आणि अंकांची. ‘इ. स.’ मधील टिंबे यंत्राला वाक्याचा शेवट वाटतात. ‘१८५७’ हे साल आपण ‘अठराशे सत्तावन्न’ असे वाचतो. यंत्र ‘एक हजार आठशे सत्तावन्न’ म्हणाले, तर सालाची रक्कम होते. येथे लांबीच्या मर्यादेचाही उल्लेख करावा लागेल. गूगलच्या सेवेत नेहमीच्या एका मागणीस ५,००० बाइटांची मर्यादा आहे. रोमन अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसह, प्रचलित संकेतनात तीन बाइट घेते. म्हणजे साधारण अडीचशे मराठी शब्दांनंतर लेख तोडावा लागतो. कोठे तोडावा हे मध्यस्थाला कळत नाही. वाक्याच्या मध्ये तोडला, तर सूर तेथेच पडतो.

तिसरी उणीव पद्याची, आणि ती सर्वांत गंभीर. गद्यात आपण शब्दान्तीचा अकार गिळतो: ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. वृत्तबद्ध कवितेत तो गिळता येत नाही. तेथे प्रत्येक अक्षर मोजलेले असते. मनाच्या श्लोकांचे वृत्त भुजंगप्रयात, चरणात अक्षरे बारा. यंत्र गद्याच्या सवयीने अकार गिळते, बाराची अकरा किंवा दहा होतात, आणि भुजंगाची चाल लंगडी पडते. ओवीचीही तीच गत. तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. त्या चौथ्या चरणावर आवाजाने टेकावयाचे असते. यंत्र चारही चरण एका दमात सूचनापत्रासारखे वाचून मोकळे होते. विराम कोठे घ्यावा हे सांगण्याची चिन्हभाषा आहे. तिचे प्रमाणित रूप २००४ साली प्रसिद्ध झाले. परंतु ओवीगणिक ती चिन्हे घालीत बसणाऱ्याला ओवी आधी स्वतः म्हणता आली पाहिजे. आणि म्हणता येत असेल, तर त्याने ती स्वतःच्याच आवाजात का म्हणू नये?

एवढ्यावर हे परीक्षण संपले असते. परंतु गेल्या वर्षी एक प्रसंग घडला. मंडळाच्या एका दिवंगत कार्यकर्त्यावरील स्मरणलेख नेहमीप्रमाणे, कोणाचाही हात न लागता, अ‍ॅपवर गेला. त्यांच्या पत्नीस आता दिसत नाही. तो लेख ऐकण्यासाठीच नातीने त्यांना फोन लावून दिला होता. त्यांच्या आडनावातील ज दन्त्य. यंत्राने तो लेखभर तालव्य केला. भेटीस गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “लेख छान आहे हो, पण यांचं नाव असं नव्हतं.”

त्या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. लेख छापण्यापूर्वी आम्ही मुद्रिते तीनदा तपासतो. ध्वनिफीत मात्र एकानेही ऐकली नव्हती. ‘हात न लावता होते’ ही ज्या व्यवस्थेची थोरवी म्हणून आम्ही सांगत होतो, तीच तिची उणीव होती.

त्यानंतर आम्ही तक्त्यात एक रकाना वाढविला: ‘ऐकले’. एका सभासदाने फीत संपूर्ण ऐकून तेथे खूण केल्यावाचून मध्यस्थ ती पुढे पाठवीत नाही. मसुदा आणि मंजुरी यांतील अंतर आयुष्यभर पाळलेल्या आम्हांस हे आधी सुचू नये, याचा खेद वाटतो. विशेषनामांसाठी एक वेगळी वाचनप्रत करतो. यंत्राचा उच्चार जेथे हटतच नाही, तेथे तेवढा परिच्छेद माणूस वाचतो. कविता यंत्राकडे देणे बंद केले आहे. त्या सभासद वाचतात. त्यांपैकी दोन वाचक विशीतले आहेत आणि ओवी म्हणावयास याच निमित्ताने शिकले.

दृष्टिहीनांसाठी साहित्य सुगम रूपात आणण्यास २०१२ च्या दुरुस्तीने आपला स्वामित्वहक्क कायदा अनुकूल झाला, आणि त्यासंबंधीचा मराकेश करार मान्य करणारा पहिला देश २०१४ साली भारत ठरला. सर्वांसाठी खुल्या असलेल्या अ‍ॅपकरिता मात्र लेखकांची संमती आम्ही घेतो. कायद्याने दार उघडले आहे, साधनांनी खर्च कमी केला आहे. उरते ते ऐकण्याचे काम. यंत्र मराठी बोलू शकते, असा आमचा निर्णय आहे. ते जे बोलले ते मराठी आहे की नाही, हे सांगणारा कान मात्र आपल्यालाच राखावा लागेल. तो कान ज्या गावात उरणार नाही, तेथे यंत्राची चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही.