शस्त्रक्रियेचा तक्ता कसा वाचावा : हिमोफिलिया मार्गदर्शिकेची समीक्षा

जागतिक हिमोफिलिया महासंघाची उपचार-मार्गदर्शिका अनेक देशांत आधारभूत मानली जाते. २०१२ ची दुसरी आणि २०२० ची तिसरी, या दोन्ही आवृत्त्यांचे प्रमुख लेखक तेव्हा वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये असलेले डॉ. आलोक श्रीवास्तव आहेत. मी अभियांत्रिकीचा शिक्षक; त्यामुळे येथे उपचार सांगत नाही. या मार्गदर्शिकेतील शस्त्रक्रियेची आकडेवारी तेवढी आपण तपासून पाहू.

हिमोफिलिया ए या आनुवंशिक विकारात रक्त गोठण्यास लागणारा फॅक्टर ८ कमी असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी तो शिरेतून द्यावा लागतो. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी २०१२ च्या आवृत्तीत दोन तक्ते आहेत. साधनांची टंचाई नसेल तर शस्त्रक्रियेपूर्वी ८० ते १०० टक्के पातळी आणि नंतरचे तीन दिवस ६० ते ८०. टंचाई असेल तर आधी ६० ते ८० आणि नंतर ३० ते ४०. औषध कमी असतानाही शस्त्रक्रियेचा विचार करता येतो हे येथे उघडपणे लिहिले आहे, आणि हा या ग्रंथाचा मोठा गुण आहे.

आता आक्षेप. पहिला असा की, हे आकडे उच्चतम पातळीचे, म्हणजे औषध दिल्यानंतर लगेचचे आहेत. जखमेला धोका असतो तो पातळी तळाला गेल्यावर. फॅक्टर ८ चे अर्धायुष्य साधारण ८ ते १२ तास. ते १२ तास धरले तर ४० टक्क्यांची पातळी १२ तासांनी २० आणि २४ तासांनी १० होते. अर्धायुष्य ८ तास असेल तर २४ तासांनी केवळ ५ उरते. म्हणजे तक्त्यातील ‘४०’ पाळूनही दोन रुग्णालयांत दोन वेगळे उपचार होऊ शकतात. उच्चतम पातळीशेजारी किमान पातळीचा रकाना हवा होता.

दुसरा आक्षेप शब्दांचा आहे. २०२० च्या आवृत्तीत ‘टंचाई’च्या जागी ‘कमी मात्रेची उपचारपद्धती’ असे नाव आले. नाव सौम्य झाले, पण कारण झाकले गेले. ‘पद्धत’ म्हटले की ती डॉक्टरांची निवड वाटते. ‘टंचाई’ म्हटले की ती दूर करण्याची मागणी करता येते. आपल्या दिल्लीतच १९८३ मध्ये अशोक बहादूर वर्मा यांनी हिमोफिलिया फेडरेशन (इंडिया) स्थापन केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे. हक्क मागायचा तर उणीव नावानिशी सांगावी लागते.

तिसरी मर्यादा : हे तक्ते हिमोफिलिया ए आणि बी पुरतेच आहेत. त्याहून दुर्मीळ विकारांना ते लावू नयेत. फॅक्टर ७ चे अर्धायुष्य सुमारे ४ ते ६ तास, तर फॅक्टर १३ चे ९ ते १२ दिवस. शिवाय फॅक्टर १३ च्या कमतरतेत नेहमीच्या पीटी आणि एपीटीटी चाचण्या सामान्य येतात.

स्वाध्याय : प्रति किलो १ युनिटने फॅक्टर ८ ची पातळी २ टक्क्यांनी वाढते. ५० किलोच्या, मूळ पातळी शून्य असलेल्या रुग्णाला ८० टक्क्यांसाठी २००० युनिट लागतात हे पडताळा. मग अर्धायुष्य १० तास धरून, पातळी ३० च्या खाली जाऊ न देता पुढची मात्रा केव्हा द्यावी लागेल ते काढा. तक्त्यातून निसटलेली गोष्ट तुमच्या उत्तरात दिसेल.